घरच्या घरी ब्रह्मदेव व्हा

निवृत्तीनंतर किंवा ऐन नोकरीत ज्यांना सृष्टी निर्माण करायची उबळ येते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. भांडवल फार लागत नाही. जुना लॅपटॉप, थोडंफार पायथन आणि घरातल्यांनी "हे काय वळवळतंय?" असं विचारलं तर न चिडण्याचा सराव, एवढं पुरे.

आधी खरीखुरी पेशी बनवायचा मोह आवरावा. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हा जिवाणूंमधला अगदी अल्पसंतुष्ट जीव, जनुकं जेमतेम ५२५. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ साली त्याची अख्खी पेशी संगणकात उतरवली, तेव्हा ती एकदा दुभंगायला १२८ संगणकांचा ताफा सुमारे १० तास राबला. आपल्या लॅपटॉपच्या पंख्याची घरघर ऐकावी आणि तिथूनच नमस्कार करावा.

आपली पेशी म्हणजे एक वर्तुळ. परीघ हेच पेशीपटल. एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जा, हा एक पूर्णांक. जनुकं म्हणजे तीन आकडे: पोहायचं किती वेगाने, अन्नाचा वास घ्यायचा किती लांबून आणि किती ऊर्जा साठली की दुभंगायचं. दुभंगताना एखादा आकडा किंचित चुकवून उतरवायचा, झाली उत्क्रांतीची सोय. जीवशास्त्राचे जाणकार नाक मुरडतील, मुरडू द्यावं. जॉन कॉन्वे या गणितज्ञाच्या १९७० सालच्या 'गेम ऑफ लाइफ'मधल्या पेशीला तर पोटही नव्हतं. शेजारी दोन किंवा तीन असले तर ती जगे, रिकाम्या घराभोवती बरोबर तीन असले तर तिथे जन्म होई. तेवढ्यावर लोक वेडे झाले.

आता प्रोग्रॅम सुरू करून झोपावं. सकाळी पडदा पेशींनी गच्च भरलेला दिसेल. लगेच कुणाला फोन करू नये. आधी दुभंगण्याची ओळ वाचावी.

ऊर्जा निम्मी-निम्मी वाटायची आणि अपूर्णांक नको म्हणून वरचा पूर्णांक घ्यायचा, असं तिथे लिहिलेलं असतं. १०१ चे ५१ आणि ५१. एक एकक फुकट आलं, पण एवढ्याने काय होतंय! होतं असं की, चुकत-चुकत एखाद्या वंशाचा दुभंगण्याचा आकडा घसरून १ वर येतो. एकाचा निम्मा अर्धा, वरचा पूर्णांक एक. म्हणजे आईकडे एक, लेकीकडेही एक, खाणंपिणं शून्य. जगण्याचा खर्च दहा फेऱ्यांचं वय झाल्यावर कापायचा, असा नियम तुम्ही उदारपणे ठेवलेला असतो. तोवर नातवंडांची पोरं झालेली असतात. या पेशींना हुशार म्हणू नये. त्यांनी फक्त तुमचा कायदा तुमच्यापेक्षा नीट वाचला.

थोरामोठ्यांचंही असंच झालं. टॉम रे या पर्यावरणशास्त्रज्ञाने 'टिएरा' नावाच्या संगणकातल्या सृष्टीत ८० सूचनांचा एक मूळपुरुष सोडला. काही वेळाने त्यात ४५ सूचनांची बांडगुळं निघाली, स्वतःची नक्कल करायला शेजाऱ्याचीच यंत्रणा वापरणारी. चार्ल्स ओफ्रिया या संगणकशास्त्रज्ञांनी तर आपल्या संगणकातल्या भराभर वाढणाऱ्या जीवांना वेगळ्या कक्षात तपासून बाद करायचं ठरवलं. जीव तो कक्ष ओळखायला शिकले आणि तपासणीपुरते निपचित पडू लागले. हे वाचून आपल्याला कुठल्या खात्याची आठवण होते, ते मनातच ठेवावं.

सगळी प्रजा पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात जमली, तर तिथे तीर्थक्षेत्र निघालंय असं समजू नये. तुम्ही घास वाटायला रोज त्याच कोपऱ्यापासून सुरुवात करताय. दर फेरीला क्रम पिसावा.

थोडक्यात, ब्रह्मदेवाची हौस धरून बसलेला माणूस शेवटी सोसायटीचा खजिनदार होतो. वरचा पूर्णांक बदलून खालचा घेतला, तर दर विषम आकड्याच्या वाटणीत एकक गळतं आणि हळूहळू सगळे उपाशी मरतात. म्हणून उरलेलं एकक मातीत जमा करावं. मेलेल्या पेशीची शिल्लक मातीत, कापलेला खर्चही मातीतच, आणि अन्न उगवेल ते मातीच्या खात्यातून. पेशी, अन्न आणि माती यांची बेरीज दर फेरीला छापावी. ती एका एककाने जरी हलली, तरी प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबवावा, मग पडद्यावर कितीही देखणा प्राणी पोहत असो.