व्हायरस लावून घेण्याची सोपी पद्धत

संगणक घेऊन वर्ष उलटलं, ई-मेलचा पत्ताही गावभर वाटून झाला, तरी अजून एकही व्हायरस लागला नाही, अशी खंत असणाऱ्या नवशिक्यांसाठी हे मार्गदर्शन. शिक्षणाची अट नाही. इंजिनिअर, प्राध्यापक, बँकेचे अधिकारी असे सगळेच यात यशस्वी झालेले आहेत.

आधी आदर्श नमुना बघून घ्या. ४ मे २००० रोजी, गुरुवारी, जगभरच्या कचेऱ्यांत ‘आय लव्ह यू’ अशा विषयाचा मेल येऊन पडला. कर्ता मनिलाचा ओनेल डी गुझमान नावाचा तरुण. सोबतच्या फाइलचं नाव होतं ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’. व्हीबीएस म्हणजे पत्र नव्हे. संगणकाने मुकाट्याने पाळायचे हुकूम. पण विंडोज हे शेवटचं शेपूट लपवून ठेवत असे, त्यामुळे बघणाऱ्याला दिसे ती साधी टीएक्सटी. फाइल उघडली की ती तुमच्या फोटोंवर स्वतःची प्रत लिहून मोकळी होई आणि आउटलुकच्या पत्त्यांतल्या प्रत्येकाला तुमच्या नावाने तेच प्रेम पाठवी. ब्रिटिश पार्लमेंटलाही आपली मेलव्यवस्था बंद करावी लागली. गुझमानवर खटला चालला नाही, कारण तेव्हा फिलिपिन्समध्ये तसा कायदाच नव्हता. तो पुढच्या महिन्यात आला.

यातून नवशिक्याने घ्यायचं ते हे. लेखा विभागातल्या ज्या साहेबांनी तुमचं प्रवासभत्त्याचं बिल तीनदा परत पाठवलं, त्यांना ऐन गुरुवारी सकाळी तुमच्याविषयी एवढं प्रेम का दाटून आलं, असला प्रश्न मनात आणायचा नाही. नाव ओळखीचं आहे ना? मग उघडायचं. मार्च १९९९ मधली ‘मेलिसा’ नावाची व्हायरसची फाइल याच भरवशावर चालली: पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना ती ओळखीच्याच नावाने जाई आणि ‘तुम्ही मागितलेली फाइल पाठवतोय’ असं सांगे. आपण काही मागितल्याचं आठवत नसेल, तर दोष स्मरणशक्तीचा धरावा. आणि चुकूनही पाठवणाऱ्याला फोन करू नये. दोन मिनिटांच्या फोनने भलेभले व्हायरस वाया गेले आहेत.

हल्ली प्रेमाला कोणी फारसं भुलत नाही. आता आयकराची नोटीस येते. (रिफंडाचाही मेल येतो, पण भीती जास्त खात्रीची.) अशा वेळी पाठवणाऱ्याचं फक्त नाव वाचावं, ‘ॲट’च्या पुढचा पत्ता वाचू नये. वाचलाच, तर निदान डावीकडून वाचावा. ‘इन्कमटॅक्स.जीओव्ही.इन’ एवढं दिसलं की समाधान मानावं. त्याच्या उजवीकडे आणखी एखादा ठिपका आणि भलतंच काही लटकत असेल, तर तिकडे नजर जाता कामा नये. पत्त्याचा खरा मालक तिथेच लिहिलेला असतो.

पासवर्ड लावलेली झिप फाइल आणि त्याच मेलात तिचा पासवर्ड, असा योग जुळून आला तर तो दवडू नका. पासवर्डामुळे अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही, म्हणून ही खटपट केलेली असते. आपण मात्र ‘केवढी ही गोपनीयता!’ म्हणून भारावून जावं.

वर्डची फाइल असेल तर वरच्या पिवळ्या पट्टीवरचं ‘एनेबल कंटेंट’ हे बटण दाबायचं. अलीकडे यात एक विघ्न आलं आहे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो (म्हणजे फाइलीत दडलेले तसेच हुकूम) मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली. निराश होऊ नका. तो अडथळा कसा काढायचा, ते बऱ्याचदा मेल पाठवणाऱ्यानेच क्रमवार लिहिलेलं असतं. तुमच्या कचेरीतल्या आयटीवाल्यानेसुद्धा कधी इतक्या आपुलकीने समजावलं नसेल.

अपडेटला ‘नंतर’ म्हणा. बॅकअप ठेवूच नका, निदान वेगळ्या डिस्कवर तरी नको. ठेवलात तर एवढी मेहनत घेऊन गमावणार काय?

फाइल उघडल्यावर काहीच घडलं नाही, तर पुन्हा दोनदा क्लिक करा. तरीही काही दिसेना, म्हणजे बहुधा काम झालं. आता नेटची वायर काढायची नाही, कचेरीत कोणाला सांगायचं नाही, आणि त्याच संगणकावरून बँकेचं खातं उघडून शिल्लक बघून घ्यायची. दोन दिवसांनी ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला आहे, तो काढण्यासाठी सोबतची फाइल उघडा’ असा मेल येईल. तोही उघडा.