80 सेंटिमीटरची बाज

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे हा मराठी गृहशास्त्रातील सिद्धान्त आजही अबाधित असला, तरी अ‍ॅमस्टरडॅमला खेटून वसलेल्या आणि भारतीय संगणक-अभियंत्यांनी गजबजलेल्या अ‍ॅम्स्टेलवेनसारख्या गावात माहेर जागचे हलत नसल्यामुळे माहेरचे माणूस हलवावे लागते, आणि हे माणूस म्हणजे अर्थातच गर्भवतीची आई. तिला मिळणारा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत चालणारा सामाईक प्रवेशपरवाना, 180 दिवसांत फार तर 90 दिवस राहू देतो. त्यामुळे दिलेल्या तारखेच्या आधी किती दिवस यावे आणि नंतरचा सव्वा महिना त्यात कसा बसवावा, याचा हिशेब घरातल्या सर्वांत हुशार माणसाकडे सोपवला जातो. बाळाला या हिशेबाची कल्पना नसते.

तोवर इकडे दांपत्याचा पहिला भ्रमनिरास होऊन गेलेला असतो. पुण्यामुंबईत दिवस राहिल्याचे कळताच नावाजलेल्या डॉक्टरबाईंकडे नाव घातले जाते. डच व्यवस्थेत मात्र निरोगी गर्भवतीची देखभाल सुईण करते, जी चार वर्षांचे व्यावसायिक शिक्षण घेतलेली असते आणि गुंतागुंत दिसल्याखेरीज कोणालाही स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवत नाही. गर्भारपण हा आजार नव्हे, हे तिचे मूलतत्त्व. त्यामुळे ‘सगळे उत्तम आहे’ एवढे ऐकून रिकाम्या हाताने बाहेर पडणाऱ्या दांपत्याला आपल्याकडे कोणी नीट पाहिलेच नाही, असे वाटत राहते. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारले तर सांगतातही, आणि भारतात 1994च्या कायद्याने गुन्हा ठरलेली ही माहिती कोणी हसतमुखाने पुढे केली, की नवऱ्याची नजर आपसूक दाराकडे जाते. पुढे सुईण प्रसूती घरीच करायची का, असे विचारते, कारण त्या देशात तो आजही एक रीतसर पर्याय आहे. आजीबाई बहुधा स्वतः घरीच जन्मलेल्या असतात, आणि या प्रश्नाने सर्वांत जास्त त्याच हादरतात. घरातून दवाखान्यात जाण्यालाच तर त्यांच्या पिढीने प्रगती म्हटले होते.

तडजोड म्हणून दवाखाना निवडला, तरी सारे सुरळीत झाल्यास बाळंतीण काही तासांतच घरी परतते, आणि तेथे क्रामझोर्ख नावाची संस्था तिची वाट पाहत असते. क्रामझोर्ख म्हणजे मूलभूत आरोग्यविम्यातून मिळणारी घरपोच बाळंतसेवा: एक प्रशिक्षित सेविका साधारण पहिले आठ दिवस रोज काही तास घरी येते, आईचे टाके व बाळाचे वजन पाहते, पाजायला शिकवते, आणि जमल्यास कपडेही वाळत घालते. थोडक्यात, माहेर जे प्रेमापोटी करते ते येथे विमा करतो, आणि त्याचे तास मोजले जातात. सेविकेच्या कंबरेला त्रास होऊ नये म्हणून बाळंतिणीचा पलंग किमान 80 सेंटिमीटर उंच असावा लागतो, आणि त्यासाठी पायांखाली घालायचे ठोकळे भाड्याने मिळतात. अशा बाजेवर चढवलेली लेक पाहून आजीबाईंना पहिला प्रश्न पडतो तो शेगडी कोठे ठेवायची हा.

एकाच खोलीत दोन सत्ताधीश आल्यावर जे होते ते येथेही होते. सेविका हवा खेळती राहावी म्हणून खिडकी उघडते आणि ती स्वयंपाकघरात वळताच आजीबाई ती लावून घेतात; सेविका घरात टोपडे नको म्हणून ते काढते, आजीबाई तिची पाठ वळताच ते बांधतात, आणि बाळाच्या अंगावर दिवसातून चार वेळा ऋतू पालटतो. पाय लांब करून नडगीवर बाळ निजवून कढत पाण्याने न्हाऊ घालण्याची वंशपरंपरागत विद्या अंगी असलेल्या बाईसमोर सेविका तेच बाळ गळ्यापर्यंत पाणी भरलेल्या बादलीवजा टबात उभे सोडते, आणि ते तेथे निवांत डोळे मिटते, हा अपमान लवकर विसरता येण्याजोगा नसतो. त्यानंतरच्या ओवा-बाळंतशोपांच्या धुरीचा विषय तर कायद्याच्या कक्षेत जातो, कारण 1 जुलै 2022पासून प्रत्येक डच घरात धूरसूचक यंत्र सक्तीचे आहे आणि त्याला बाळंतपणाचा अपवाद नाही. पाचव्या रात्री सटवाईने बाळाचे भविष्य लिहावे म्हणून पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवले जाते. सकाळी सेविका त्यातले पेन उचलून आपल्या वहीत बाळाचे तापमान लिहिते.

समेट खाद्यपदार्थातून होतो. बाळ पाहायला येणाऱ्यांना डच लोक लोणी लावलेल्या कडक गोल टोस्टवर साखरेत घोळवलेल्या बडीशेपेसारख्या दाण्यांची पखरण करून देतात, मुलगी असल्यास गुलाबी-पांढऱ्या आणि मुलगा असल्यास निळ्या-पांढऱ्या रंगाची. हे दाणे बाळंतिणीला दूध यावे म्हणून चांगले, असा तिकडचा जुना समज. आजीबाई एक दाणा चावून बघतात, आपल्या पिशवीतल्या बाळंतशोपा सेविकेच्या तळहातावर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी टोस्टशेजारच्या बशीत डिंकाचा लाडू दिसू लागतो.

नावाचा पेच मात्र लाडवाने सुटत नाही. भारतात जन्माची नोंद 21 दिवसांत करून नाव मागाहून, वर्षभरात कळवता येते. डच नगरपालिकेला तीन दिवसांच्या आत बाळ नावासकट हवे असते, आणि बारसे तर बाराव्या दिवशी. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आत्या नाशिकला, आणि पत्रिकेवरून आलेल्या अक्षरावर कुटुंबात अद्याप दोन तट. परिणामी तिसऱ्या दिवशी बाप नगरपालिकेत जे नाव देऊन येतो ते त्याच रात्री आत्याला गुपचूप कळवले जाते, आणि बाराव्या दिवशी पाळण्याशी टेकवलेल्या फोनमधून ती तेच नाव आताच सुचल्याच्या आविर्भावात बाळाच्या कानात सांगते. ‘कुर्र’ नेटवर्कमुळे जरा उशिरा पोचते. तोवर इकडे घुगऱ्या वाटून झालेल्या असतात.