चेस्ट ८० : जुनी खेळकार्डं जमवू पाहणाऱ्या नाशिककरांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

प्रतवारी शिकायला आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने बाहेर जायची गरज नाही. लासलगावला गोलटी कांद्याचा भाव वेगळा निघतो, निर्यातीच्या द्राक्षाचा मणी मिलिमीटरमध्ये मोजतात. जुन्या खेळकार्डांचं शास्त्रही असंच आहे. फरक एवढाच, की कांदा सडला की वास येतो. कार्ड खराब झालं तर मालक ते कबूल करत नाही.

पायरी १ : माल शोधणे

नवशिक्याने दोनच जातींपासून सुरुवात करावी. पहिली, ऐंशीच्या दशकात बिग फन बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डं. त्यांवर धावा नाहीतर विकेट छापलेल्या असत आणि त्यांच्या बेरजेसाठी दात किडवले जात. दुसरी, नव्वदच्या दशकातली डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची ट्रम्प कार्डं : रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, किती फाइट लढल्या, किती जिंकल्या. जगाच्या भूगोलापेक्षा योकोझुनाचं वजन आम्हाला आधी पाठ झालं.

माल जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या माळ्यावर, लोखंडी पेटीच्या तळाशी, नाहीतर डुगडुगणाऱ्या शिलाई मशीनच्या पायाखाली सापडतो. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातही नजर ठेवावी. तिथे ‘कार्डं आहेत का’ असं विचारू नये. ‘ही रद्दी कशी दिली’ असं विचारावं. आईला तर काहीच विचारू नये. आपला संग्रह कुठल्या दिवाळीच्या साफसफाईत गेला, हे तिला तारखेनिशी आठवतं आणि त्याचं तिला वाईट वाटत नाही.

पायरी २ : गुण देणे

अमेरिकेत या कामासाठी कंपन्या आहेत. त्यातली पीएसए १९९१ साली सुरू झाली. ती चार गोष्टी तपासते : चित्र चौकटीत मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. मग १ ते १० मध्ये गुण देऊन कार्ड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करते. घरच्या घरी करायचं तर असं :

१० : चारही कोपरे नखाला टोचतात. मूळ मालक दुकानदाराचा मुलगा असणार. त्याला पाकीट फोडायची परवानगी नव्हती.

८ : कोपरे किंचित बोथट. कार्ड खेळलंय, पण रडारड न करता.

५ : मागे निळ्या शाईत नाव, इयत्ता, तुकडी. तुकडी ‘अ’ आहे म्हणून अर्धा गुण वाढवून मागू नये.

३ : मधोमध घडी. गणिताच्या तासाला सर अचानक बाकाजवळ आल्याची खूण.

२ आणि खाली : पाणी. गोदेचा पूर आपण दुतोंड्या मारुतीवर मोजतो. कार्डावरचा पूर पैलवानाच्या अंगावर मोजावा. डाग गुडघ्यापर्यंत असेल तर २, कमरेपर्यंत असेल तर १. छातीच्या वर गेला, तर पैलवान विसर्जित झाला असं समजावं.

कमी गुणांनी खचू नये. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं, १९०९ च्या सुमाराला सिगारेटच्या पाकिटातून आलेलं एक कार्ड २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं. त्याला गुण होते दहापैकी दोन. आमच्या घरात दहापैकी दोनाला साडेबहात्तर लाख सोडा, त्या रात्रीचं जेवणसुद्धा मिळालं नसतं.

पायरी ३ : असली की नकली

सराफ बाजारातून सराफी भिंग आणावं. जुन्या छपाईत रंगांचे ठिपके ओळीने, स्वच्छ दिसतात. कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलं असेल, तर ठिपके पावसाळ्यातल्या रांगोळीसारखे एकमेकांत मिसळलेले असतात.

मग कडा बघाव्या. झिजलेली कड कात्रीने तासून नवी करणं हे या धंद्यातलं महापाप. वॅग्नरच्याच दुसऱ्या एका कार्डाला पीएसएने ८ गुण दिले होते. हॉकीपटू वेन ग्रेट्स्की त्याचा एकेकाळचा भागीदार-मालक. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने कबुली दिली, की त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. तात्पर्य : कड फारच सरळ असेल, तर मालकाकडे वाकड्या नजरेने बघावं.

पायरी ४ : जतन

रबरबँड लावू नये. तो उन्हाळ्यात वितळतो आणि वरच्या पैलवानाला कमरपट्टा बसतो. कसर लागू नये म्हणून कोरडी जागा निवडावी. प्रत्येक कार्ड वेगळ्या, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावं. आणि लॅमिनेशन करू नये. मार्कशीट, रेशनकार्ड, जन्मदाखला, जे सापडेल त्याला लॅमिनेशन करणारा एक काका प्रत्येक घरात असतो. आमच्या काकांनी माझा हल्क होगन मोठ्या प्रेमाने असाच अमर केला. आता तो विकता येत नाही, पण त्यावर चहाचा कप छान राहतो.

पायरी ५ : नियमात न बसणारा माल

माझ्या संचातलं एक कार्ड १९९५ मध्ये हरवलं. एका पत्त्याने जोड अपुरी पडली, म्हणून मी मावसबहिणीच्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा त्याच मापाला कापला, बॉलपेनाने एक पैलवान काढला आणि आकडे लिहिले : रँक १, चेस्ट ८०. मागच्या बाजूला सोनेरी गणपती अर्धा कापला गेलाय आणि ‘आमच्या छकुलीच्या लग्नाला यायचं हं’ यातलं ‘यायचं हं’ शिल्लक आहे. कडा कात्रीच्या, चित्र मधोमध नाही, पृष्ठभागावर शाईचा डाग. कुठलीही कंपनी हे कार्ड गुण न देता परत पाठवील. या पैलवानाने मात्र त्या उन्हाळ्यात शेजारच्या मित्राचा अख्खा संच जिंकला, त्याच्या लाडक्या अंडरटेकरसकट.

तो मित्र आता निफाडकडे द्राक्षं लावतो. परवा घरी आला, तेव्हा मी कौतुकाने संग्रह दाखवला. पत्रिकेचं कार्ड त्याने उजेडात धरलं, मणी तपासावा तसं उलटसुलट केलं आणि म्हणाला, “ऐंशी इंच चेस्ट कुठं असते रे? माझा अंडरटेकर टाक.”

म्हणून शेवटची सूचना : ज्यांच्याशी खेळलात, त्यांना संग्रह दाखवू नये.

अंडरटेकर मी दिला नाही. ८ गुणांचा आहे.