चांदण्यातली नोकरी

2022 च्या सप्टेंबरात विप्रो कंपनीनं 300 माणसं घरी पाठवली. गुन्हा काय, तर ती मंडळी कंपनीत काम करता करता दुसऱ्या कंपनीचंही काम करत होती. अध्यक्ष रिषद प्रेमजी यांनी त्याला सरळसरळ फसवणूक म्हटलं, इन्फोसिसनं आपल्या लोकांना तंबी दिली आणि वाहिन्यांवर 'मूनलाइटिंग' या शब्दाची आरती सुरू झाली. मून म्हणजे चंद्र, लाइट म्हणजे उजेड. दिवसाची नोकरी संपली की चंद्राच्या उजेडात गुपचूप करायची ती दुसरी.

डोंगरकड्याच्या फाट्यावर चहा पिताना हा शब्द मी एका केळीवाल्या शेतकऱ्याला समजावून सांगत होतो. त्यानं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "म्हंजी रातची लाईन."

शब्दकोशवाल्यांनी नोंद घ्यावी. याहून नेमका मराठी प्रतिशब्द होणे नाही.

डोंगरकडा नांदेड-हिंगोली रस्त्यावर, कळमनुरी तालुक्यात. एका अंगाला अर्धापूर, दुसऱ्या अंगाला खिचडीवाला वारंगाफाटा. शिवारात केळी, ऊस, हळद. यातलं एकही पीक पाण्यासाठी थोडा धीर धर असं सांगून ऐकत नाही. शेतीपंपाची लाईन, म्हणजे वीज, आठवड्यातले काही दिवस दिवसा, उरलेले रात्री. त्यामुळं इथला माणूस दिवसा कुठंही कामाला असो, रात्री बॅटरी आणि काठी घेऊन केळीत असतो. दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारनं 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली. सूर्य बांधावर पोचेपर्यंत चंद्रावर भागवायचं, इतकंच. बंगळुरूत ज्याला कामावरून काढतात, तोच उद्योग इथं केला नाही तर घरचे घरातून काढतात.

आता आमच्या मास्तरांकडं या. नाव सांगत नाही, कारण असे मास्तर प्रत्येक गावात दोन-तीन आहेत आणि प्रत्येकाला वाटेल माझ्यावरच लिहिलंय. मास्तर विनाअनुदानित शाळेत. 2009 साली सरकारनं 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' हा शब्द काढून टाकला. शब्द गेला, कायमपणा मास्तरांकडं राहिला. पुढं टप्पा अनुदान आलं. टप्पा म्हणजे काय, हे ज्यानं एसटीच्या लाल डब्यानं प्रवास केलाय त्याला सांगायला नको. प्रत्येक टप्प्याला थांबा असतो, आणि थांब्याला गाडी किती वेळ थांबेल ते ड्रायव्हरच्या चहावर.

पण मास्तरांचं कर्ज पगार नसल्यामुळं झालेलं नाही. पगार मिळावा म्हणून झालंय. नोकरी लागताना संस्थेला 'इमारत निधी' द्यावा लागला. पाच एकरांतलं दीड गेलं, उरलेल्यावर पतसंस्थेचा बोजा चढला. इमारत अजून पत्र्याचीच आहे. निधीची इमारत दुसरीकडं कुठंतरी झाली असावी. म्हणजे मास्तरांनी आधी नोकरी विकत घेतली, मग ती नोकरी करून तिची किंमत फेडता येईना म्हणून दुसरी धरली. आपल्याकडं पहिली नोकरी कर्ज काढायला लागते आणि दुसरी फेडायला. लग्नाच्या पत्रिकेत मात्र पहिलीच छापतात.

दुसरी कोणती? ऋतुमानाप्रमाणं. जुलैत पीकविम्याचे फॉर्म भरायला ऑनलाइन सेंटरवर, परीक्षेच्या आधी शिकवण्या, आणि दिवाळीनंतर ऊस वाहतुकीच्या एका ठेकेदाराकडं रात्रीच्या गाड्यांचा हिशोब. भाऊराव चव्हाण कारखान्याचं दुसरं युनिट डोंगरकड्यातच आहे. कारखान्याचंसुद्धा आमच्याकडं दुसरंच. गावाला दुसरेपणाचा वर असावा. हंगामात रात्री ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. मास्तर रांगेत उभे राहून वहीत गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, टनेज उतरवतात. परवा एका ट्रॅक्टरवरून आवाज आला, "सर, ओळखलं का?" दहावीला तीनदा बसलेला विद्यार्थी. ट्रॅक्टर त्याचा स्वतःचा, म्हणजे फायनान्सचा. त्यानं मास्तरांना आपल्या पैशानं चहा पाजला आणि विचारलं, "सर, तुमी इथं कामून?" मास्तर म्हणाले, "मूल्यशिक्षण."

सरकारी नोकरांची गंमत याहून न्यारी आहे. 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आहेत. त्यात लिहिलंय की कर्मचाऱ्यानं पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा किंवा दुसरी नोकरी करू नये. तिथंच थोडं पुढं असंही लिहिलंय की त्यानं आपला संसार असा चालवावा की सवयीचा कर्जबाजारीपणा येऊ नये. म्हणजे कर्ज करायचं नाही आणि फेडायला काही करायचंही नाही. सवलत मात्र ठेवलीय: अधूनमधून साहित्य, कला, विज्ञान यांतलं काम परवानगीविना केलं तरी चालतं. सरकारचा अभ्यास दांडगा. साहित्यातून कुणाचं कर्ज फिटलेलं नाही हे त्याला 1979 सालीच ठाऊक होतं. जिल्ह्यात कवी एवढे का, याचाही उलगडा मला त्या नियमातच झाला.

नियम आला की वाट येतेच. विम्याची एजन्सी बायकोच्या नावानं काढायची. एका ओळखीच्या घरी वहिनींना मी विचारलं, या पॉलिसीत बोनस कसा धरतात? वहिनी म्हणाल्या, "थांबा, एजंट आंघोळीला गेलेत."

1948 चा कारखाना अधिनियमही, 2025 मध्ये तो रद्द होईपर्यंत, सांगायचा की एका कारखान्यात काम केलेल्या माणसाला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात कामाला लावू नये. कामगाराला विश्रांती मिळावी, हा हेतू चांगला होता. पण रान हा कारखाना नव्हे, केळीचा घड हे यंत्र नव्हे आणि रात्री दोनला पायाखाली येणारा साप हा निरीक्षक नव्हे, त्यामुळं आमची विश्रांती कायद्याच्या हद्दीबाहेर पडते.

मास्तरांचा हिशोब मी एकदा त्यांच्याच वहीत बसून मांडला. 3 लाखांचं कर्ज, 14 टक्के, 5 वर्षं. घटत्या शिल्लकीवर हप्ता बसतो 6,980 रुपये. मास्तर भरतात 8,500. म्हटलं, चुकतंय कुठंतरी. चुकत नव्हतं. पतसंस्थेचा दर 'फ्लॅट' होता. फ्लॅट म्हणजे तुम्ही कितीही फेडलं तरी व्याज पहिल्या दिवशीच्या 3 लाखांवरच मोजायचं. 14 टक्के म्हणून सांगितलेलं व्याज प्रत्यक्षात 23 टक्क्यांच्या पुढं जातं. मास्तर गणिताचे आहेत. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते म्हणाले, "शिकवतो की. सरळव्याज, चक्रवाढव्याज. फ्लॅट अभ्यासक्रमात नाही." रात्रीच्या कामाचे महिन्याला 6 हजार येतात. 8,500 उणे 6,000. उरलेले अडीच हजार हातउसने, महिना शेकडा 3 रुपयांनी. शेकडा 3 ऐकायला किती लाघवी वाटतं! वर्षाचे 36 होतात हे बोलायचं नसतं. देणारा नाराज होतो.

मधे मास्तरांनी नांदेडला संध्याकाळी डिलिव्हरीचं काम धरून पाहिलं. जाऊन-येऊन सत्तर-ऐंशी किलोमीटर. पेट्रोलनं शंभरी ओलांडलेली. गाडी हप्त्यावर, मोबाइल हप्त्यावर. पंधरा दिवसांनी लक्षात आलं की लोकांना पिझ्झा गरम मिळावा म्हणून आपण पदरमोड करतोय. सोडलं. मग एका साडूंनी पावडरीच्या साखळीत ओढलं. आधी 12 हजारांचे डबे घ्या, खाली तीन माणसं जोडा, ती आणखी तीन जोडतील. डबे अजून माळ्यावर आहेत. अशा जोडधंद्यात धंदा होतो तो फक्त वरच्याचा. खालचे नुसते जोडले जातात.

जोडधंद्यावरून आठवलं. शेतीला जोडधंदा करा, हा सल्ला मी लहानपणापासून कृषी मेळाव्यात ऐकतोय. म्हशी पाळा, कोंबड्या पाळा, मधमाश्या पाळा. सल्ला देणाऱ्यांचा एकच धंदा असतो आणि त्याला पेन्शन असते. आता तर जोड कुठली आणि धंदा कुठला हेच कळेनासं झालंय. कुणाचा तरी पोरगा पुण्यात कंपनीत दोन पाळ्या करतो आणि पैसे घरी पाठवतो. त्यातून केळीला खत पडतं. शेतीचा जोडधंदा नोकरी की नोकरीचा जोडधंदा शेती? पीककर्जाच्या सोसायटीत मात्र तो प्रश्न पडत नाही. तिथं मार्च संपायच्या आत नवं-जुनं करायचं असतं. सकाळी कुणाकडून तरी उसने आणून जुनं कर्ज भरायचं, लगेच नवं उचलायचं, उसने परत द्यायचे. जुनं गेलं, नवं आलं, माणूस तोच. बँक खूश, कागद खूश. 2017 ला दीड लाखापर्यंतची कर्जमाफी झाली, 2019 च्या शेवटी दोन लाखांपर्यंतची जाहीर झाली. दोन्ही वेळा मास्तर त्यात बसले नाहीत. त्यांचं कर्ज पिकासाठी नव्हतं, नोकरीसाठी होतं. नोकरी करपली तर पंचनामा होत नाही.

मास्तर रात्री ज्या रांगेत उभे असतात, त्या रांगेतला ऊस तोडणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना कर्ज फेडायला नोकरी शोधावी लागत नाही; कर्जच नोकरी घेऊन येतं. मुकादम पावसाळ्यात उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा कोयता. पहाटे बायको भाकरी थापून फडात येते, दिवसभर तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. संध्याकाळी वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधून रस्त्याकडेला विकायला बसते. उचल मुकादमाच्या वहीत गेलेली असते, तेल-मिठाला रोकड लागते ती या वाढ्यांची. मग पुन्हा चूल. हिशोबाला तिची पहिली नोकरी अर्धी धरतात. दुसरी धरतच नाहीत. विप्रोनं हिला काढायचं म्हटलं तर नेमकं कुठून काढणार, हा त्यांच्या मनुष्यबळ विभागाला प्रश्न पडेल.

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला मी मास्तरांसोबत रांगेत होतो. थंडी होती, एका ट्रॅक्टरवर गाणी वाजत होती. मास्तरांचा मोबाइल वाजला. मला वाटलं घरून, लाईन आली असेल. पण पलीकडं गोड आवाजाची मुलगी होती. कोणत्या तरी फायनान्सची. तिनं अभिनंदन केलं. "सर, तुमच्या खात्यात दर महिन्याला दुसरी एक रक्कम जमा होताना दिसतेय. त्यामुळं तुमची परतफेडीची क्षमता वाढलीय. तुम्ही 2 लाखांच्या टॉप-अपला पात्र झालात."

मास्तरांनी कानावरची मफलर सारली. "हप्ता किती बसंल?"

"फक्त 4,653, सर."

मास्तरांनी वही काखेत धरली, बोटांवर काहीतरी मोजलं. मग अगदी आदबीनं विचारलं, "म्याडम, तुमच्याकडं वसुलीला माणसं लागतात का? मी पहाटे पाच ते सात मोकळा असतो."

तिनं दोन मिनिटं होल्डवर ठेवलं आणि बायोडाटा मागवला.