विषय : बॅट न मिळाल्याबाबत

पोरांनी चिकाटी शिकावी असं वाटत असेल तर आधी आपण धडपडून दाखवावं. २०१७ साली एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये याचा प्रयोगच छापला. पंधरा महिन्यांच्या बाळांसमोर एक मोठं माणूस डब्यातलं खेळणं काढायला अर्धं मिनिट झटलं. ते बघितलेल्या बाळांनी पुढे न वाजणाऱ्या खेळण्याचं बटण जास्त वेळा दाबलं.

ते झटणं अर्थात नाटक होतं. आम्हा कुर्लेकरांना नाटक कशाला लागतंय? पूल चढून, माणसं ओलांडून पलीकडे उतरावं, तर गाडी मूळच्याच प्लॅटफॉर्मवर येत असल्याचं तेव्हा पुकारतात. तिसरीतला चिरंजीव हात धरून माझ्याकडे बघत असतो. मी आदर्श पित्यासारखा हसतो, फक्त ओठ जरा हलतात. घरी गेल्यावर ते ओठ तो आजीला आवाजासकट करून दाखवतो.

दर पावसाळ्यात आमच्या जिद्दीचं कौतुक होतं : गुडघाभर पाण्यातून माणसं कामावर जातात! जातात, कारण न गेल्यास पगार कापतात.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी कुर्ल्यातल्या घराघरांत शिरली. आमचे अण्णा फोर्टातून रुळांवरून चालत दुसऱ्या दिवशी घरी पोचले, बूट हातात, डबा खांद्याला. धैर्यावर एक अक्षर बोलले नाहीत. “चहा टाका,” म्हणाले आणि कपाटातली भिजलेली कागदपत्रं चिमटे लावून दोरीवर वाळत घालायला लागले. त्यात माझं प्रगतिपुस्तक होतं. गणिताच्या मार्कांची शाई पार पसरली होती. त्या पुराने माझ्यावर केलेला एवढाच उपकार.

आमच्या घरातली आताची खरी चिवट व्यक्ती म्हणजे बायको. गल्लीतल्या गटाराचं झाकण गेलं, तेव्हा मी “आपल्याकडे हे असंच” म्हणून पेपर उघडला. तिने वही उघडली : तारीख, तक्रार क्रमांक, फोन कोणी घेतला, काय म्हणाला. झाकण आलं, ते लहान निघालं. तिने शांतपणे नवं पान उलटलं. मुलगा शेजारी बसून पाढे लिहीत होता, असा आमचा समज.

परवा फ्रिजवर कागद दिसला. ‘विषय : बॅट न मिळाल्याबाबत. संदर्भ : माझे आधीचे तोंडी अर्ज.’ मी सवयीने “बघू” म्हणालो. त्याने ते ‘बघू’ तारखेसकट लिहून घेतलं आणि एरवी मला ‘ए बाबा’ म्हणणाऱ्या त्या माणसाने विचारलं, “तुमच्या वरचे साहेब कोण?”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “इकडे पाठव त्याला.”