निसर्गाच्या कुशीत

महाड-पोलादपूरकडे घर विकायचं तर गिऱ्हाईक दिवाळीनंतर बोलवावं. तोवर भिंतींची ओल वाळते, शेवाळ खरवडता येतं, भेगांत लांबी भरून वर रंग फासता येतो. कौलं चाळून घ्यावीत, अंगण सारवावं, दाराला झेंडूचं तोरण लावावं. मुंबईकर येतो, नळ सोडून पाहतो, खिडकीतल्या डोंगराचा फोटो काढतो आणि ‘व्ह्यू’चे पैसे वेगळे मोजतो. उतार किती, पावसाचं पाणी कुठून वाहतं, हे कुणी विचारत नाही. २२ जुलै २०२१ रोजी याच भागातल्या तळीये गावात असाच एक डोंगर घरांवर आला. ८०हून अधिक माणसं गेली. जाहिरातीत अजूनही लिहितात, ‘निसर्गाच्या कुशीत’. निसर्ग कूस कधी बदलेल, तेवढं मात्र छापत नाहीत.