मुक्काम पोस्ट कनॅब

मनमाडला कुणी मनमाड बघायला उतरत नाही. शिर्डीला जायचं असतं, वेरूळला जायचं असतं, नाहीतर गाडी चुकलेली असते. अमेरिकेत यूटा राज्याच्या दक्षिण टोकाला, ॲरिझोनाच्या हद्दीला पाठ टेकून बसलेल्या कनॅब या गावाचं नशीबही तसंच आहे. २०२०च्या जनगणनेत वस्ती पाच हजारांच्या आत. पश्चिमेला झायन राष्ट्रीय उद्यान, उत्तरेला सव्वाशे किलोमीटरवर ब्राइस कॅन्यन, दक्षिणेला एकशेतीस किलोमीटरवर ग्रँड कॅन्यनचा उत्तर काठ. मधोमध लाल कड्यांच्या पायथ्याशी कनॅब, म्हणजे रात्री पाठ टेकायची, सकाळी गाडीत पेट्रोल भरायचं आणि निघायचं.

प्रस्तुत लेखक २०२४च्या सप्टेंबरअखेरीस तिथे पोचला तो याच पद्धतीने. सोबत चिरंजीव, सूनबाई, सौ. आणि सौ.च्या मांडीवर दशम्यांचा डबा. लास वेगासपासून सव्वातीनशे किलोमीटरच्या प्रवासात त्या डब्याला सीटबेल्ट तेवढा लावायचा राहिला होता.

चिरंजीवांना कनॅबमध्ये रस नव्हता. त्यांना हवी होती ‘द वेव्ह’. ही हद्दीच्या पलीकडे, ॲरिझोनाच्या वाळवंटातली दगडाची लाट. सुमारे एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या दगड झाल्या, मग पाण्याने आणि वाऱ्याने त्यांना असं काही कोरलं की तांबड्या, केशरी, पिवळ्या रेघांची वळणं डोळ्यांसमोर हलताहेत असं वाटतं. फोटो पाहून सौ. म्हणाल्या, “अय्या, आईची इरकल!” भूगर्भशास्त्राला इतकी नेमकी उपमा सुचलेली प्रस्तुत लेखकाच्या तरी वाचनात नाही.

अडचण एवढीच की तिथे वाटेल त्याला जाता येत नाही. आधी रोज वीसच माणसं सोडायचे, २०२१पासून चौसष्ट. त्यातल्या अठ्ठेचाळीस जागांची सोडत चार महिने आधी निघते. उरलेल्या सोळा जागांसाठी दोन दिवस आधी फोनवरून अर्ज करायचा, तोही फोन त्या टापूत असेल तरच. पूर्वी हीच सोडत कनॅबमध्ये लोकांना समोर बसवून, आकडे लिहिलेले गोळे काढून व्हायची. म्हणजे जगभरातून आलेली माणसं सकाळी सकाळी एका खोलीत तंबोल्याला बसल्यासारखी श्वास रोखून बसलेली! आता ती गंमत गेली. अर्जाचे नऊ डॉलर मात्र राहिले, आणि नंबर लागो न लागो, ते परत मिळत नाहीत.

“नऊ डॉलर म्हणजे जवळजवळ साडेसातशे रुपये,” प्रस्तुत लेखक म्हणाला. “दगड बघायचे नव्हे. दगड बघायला मिळतील का, हे विचारायचे.”

“बाबा, प्लीज.”

“आणि पितृपक्षात कसलं नशीब अजमावताय?” सौ.नी मुद्द्याला हात घातला.

अर्ज गेला. संध्याकाळी नकार आला. सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त दशमीवर लोणचं वाढलं.

दुसरा दिवस त्यामुळे रिकामा मिळाला आणि नाइलाजाने कनॅब पाहावं लागलं. तेव्हा कळलं की हे गाव स्वतःकडे कुणाचं लक्ष नसण्यावरच जगलेलं आहे. १९२४ साली टॉम मिक्स या नटाच्या मूकपटाचं चित्रीकरण इथे झालं. मग पॅरी नावाच्या तीन भावांनी हॉलिवूडला इथल्या कड्यांची चटक लावली आणि मंडळींच्या मुक्कामासाठी १९३१ साली लॉज काढलं. तिथे खोल्यांच्या दारांवर आजही नटनट्यांची नावं आहेत. वाई जशी ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश होते, तसं कनॅब गरज पडेल तसं टेक्सास झालं, ॲरिझोना झालं. कनॅब म्हणून फारसं कुणी पडद्यावर आणलं नाही. क्लिंट ईस्टवूडच्या १९७६ सालच्या ‘द आउटलॉ जोसी वेल्स’मधलं घर गावातल्या छोट्या संग्रहालयात मांडून ठेवलंय. दगडी भिंत बघून प्रस्तुत लेखकाने कौतुकाने टिचकी मारली. ती डब्यासारखी वाजली.

पण गावाची खरी गोष्ट सिनेमाची नाहीच. १९११च्या नोव्हेंबरात नगरमंडळाची निवडणूक आली आणि कुणाला त्यात गम्य नव्हतं. तेव्हा गावातल्या काही पुरुषांनी थट्टा म्हणून सगळ्या जागांवर बायकांची नावं घातली. नावं निवडून आली. १९१२ साली मेरी वूली चेंबरलेन महापौर झाल्या, बाकी चौघी सभासद, आणि या पाचजणींनी थट्टा करणाऱ्यांना दोन वर्षं रीतसर राबवलं. मोकाट गुरांना कोंडवाडा, फिरत्या विक्रेत्यांना परवाना, जुगाराला बंदी, आणि पाखरं मारू नयेत म्हणून गलोलींनाही बंदी. अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळायला तेव्हा आठ वर्षं बाकी होती. (यूटातल्या बायकांना तो आधीपासून होता, म्हणून तर ही थट्टा अंगाशी आली.) सौ.नी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, “त्या पुरुषांची नावं कुठं लिहून ठेवलीत का?”

त्या दिवशी दुसरा अर्ज करायचा होता. सकाळीच करून टाकावा असं सूनबाईंचं मत. “दिवेलागणीला करा, त्या वेळी हातून बरं घडतं,” हे सौ.चं. घरात एक मत असलं तर त्याला मत म्हणतात. दोन असली की दुसऱ्याला आईचा शब्द म्हणतात. अर्ज संध्याकाळवर गेला, आणि मधल्या वेळात मंडळी हद्द ओलांडून पाइप स्प्रिंगला गेली.

हा एक जिवंत झरा. कैबाब पायूट या आदिवासी लोकांचा हा मुलूख, आणि या वाळवंटात पाणी म्हणजे सगळंच. म्हणून १८७०च्या सुमाराला मॉर्मन पंथाच्या गुराख्यांनी झऱ्याच्या उरावरच दगडी गढी बांधली. पाणी भिंतीच्या आत, बाकी जग बाहेर. ॲरिझोनातलं पहिलं तारऑफिसही १८७१ साली याच गढीत निघालं. चिरंजीव घड्याळाकडे नजर ठेवून होते. “मुदतीला अजून अर्धा तास आहे,” ते म्हणाले आणि कोपऱ्यात उभं राहून त्यांनी फोन काढला.

मुदत अर्ध्या तासापूर्वीच संपली होती.

झालं होतं असं. यूटा उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतं. ॲरिझोना करत नाही. ज्या राज्यात ऊन आधीच नको इतकं आहे, ते वाचवून ठेवायचं कशाला, हा त्यांचा हिशेब, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. त्यामुळे उन्हाळ्यात कनॅबमध्ये सहा वाजलेले असतात तेव्हा जेमतेम अकरा किलोमीटरवरच्या ॲरिझोनातल्या फ्रिडोनियात पाच. त्यात त्याच ॲरिझोनातला नावाहो लोकांचा मुलूख मात्र घड्याळ पुढे करतो. हद्दीवर फोनला ज्या टॉवरची लहर लागेल, ती त्याची वेळ. ज्या जागी एका राज्याला तारेने जगाशी पहिल्यांदा जोडलं गेलं, तिथे जोशात उभं राहून चिरंजीव किती वाजले यालाच मुकले. सौ. म्हणाल्या, “दिवेलागण कुठली धरायची, हे तू विचारलंच नाहीस.”

तिसऱ्या दिवशी ‘लाट’ हा शब्द गाडीत कुणी काढला नाही. मंडळी वाळूत गेली. गावाच्या पश्चिमेला कोरल पिंक सँड ड्यून्स हे सरकारी उद्यान आहे. नाव पोवळ्याच्या गुलाबी रंगावरून, प्रत्यक्षात सकाळी शेंदरी आणि दुपारी भाजक्या विटेसारखं. दोन डोंगरांमधल्या खिंडीतून वारा जोरात शिरतो, पुढे मोकळं सापडलं की त्याचा दम जातो आणि हातातली वाळू तो तिथेच टाकून देतो. हजारो वर्षं हेच चाललंय. ज्या दगडाची लाट चिरंजीवांना बघायची होती, त्याच नावाहो वालुकाश्माची ही वाळू. म्हणजे वाळूचा दगड, दगडाची पुन्हा वाळू, आणि या सगळ्यात सोडत कुठेच नाही. इथला एक व्याघ्रभुंगा जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाही; त्याच्यासाठी काही भाग कुंपण घालून राखलाय. प्रस्तुत लेखकाला तो दिसला नाही, पण उतारावरून फळीवर बसून घसरताना त्याने जो आवाज काढला त्यानंतर कुठलाही भुंगा बाहेर येईल अशी आशा नव्हती. फळी खाली आधी पोचली. दशम्यांच्या डब्यात त्या दिवसापासून जी कचकच आली ती पुण्याला येईपर्यंत गेली नाही.

दुपारी गावाजवळच्या अँजल कॅन्यनमधल्या प्राण्यांच्या आश्रमात मंडळी गेली. ‘बेस्ट फ्रेंड्स’ नावाचा हा आश्रम १९८४पासून आहे आणि तिथे एका वेळी दीडहजारावर कुत्री, मांजरं, घोडे, डुकरं, पोपट असतात. हौशी पाहुण्यांना कुत्रं रात्रीपुरतं मुक्कामाला नेऊही देतात. सौ.ना त्यातलं सगळ्यात काय आवडलं? तिथलं जेवण. संपूर्ण शाकाहारी. लास वेगास सोडल्यापासून “यात काय आहे?” हा प्रश्न न विचारता त्या पहिल्यांदाच जेवल्या.

शेवटच्या दिवशी ग्रँड कॅन्यनचा उत्तर काठ. कनॅबचा आणि त्या दरीचा संबंध जुना. जॉन वेस्ली पॉवेलच्या मोजणी पथकाचा तळ १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला कनॅबजवळ पडला होता आणि त्या मुलखाचा नकाशा त्यांनी हिवाळ्यात तंबूत बसून काढला. पुढे त्याच मोजणीच्या कामातल्या क्लॅरेन्स डटन या लष्करी अधिकाऱ्याला दरीतली शिखरं देवळांसारखी दिसली आणि त्याने ख्रिस्ती संत सोडून थेट आपल्या दारात यावं तशी नावं दिली. डटनचा ग्रंथ १८८२चा. त्याची री पुढच्यांनी ओढली. आज त्या दरीत विष्णू मंदिर आहे, ब्रह्मा आहे, शिव आहे, कृष्ण आणि रामही आहेत. तळाशी पावणेदोन अब्ज वर्षांचा जो काळा खडक आहे, त्याचं शास्त्रीय नाव विष्णू शिस्ट.

शिवमंदिराची तर कथाच आहे. १९३७ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची मंडळी त्या शिखरावर चढली. इतकी वर्षं तुटून राहिलेल्या माथ्यावर काही निराळे प्राणी निपजले असतील अशी आशा होती. वर्तमानपत्रांनी तर डायनासोरपर्यंत मजल मारली. वर नेहमीचेच उंदीर-ससे निघाले, आणि कोडॅक फिल्मचं एक रिकामं खोकं. मोहिमेत घेतलं नाही म्हणून एमरी कोल्ब हा स्थानिक फोटोग्राफर आधीच जाऊन आला होता, असं सांगतात.

केप रॉयलच्या टोकावर उभं राहिलं की विष्णू मंदिर समोर येतं, साडेसात हजार फूट उंचीचं, पायऱ्यापायऱ्यांचं, वर निमुळता कळस. चिरंजीवांनी नाव सांगताच सौ.नी चपला काढल्या.

“आई, तो नुसता डोंगर आहे.”

“जोतिबासुद्धा डोंगरच आहे.”

त्यांनी हात जोडले. शेजारच्या एका अमेरिकन आजीबाईंनी हा इथला काही नियम असावा असं समजून बूट काढायला सुरुवात केली. सूनबाईंनी त्यांना महत्प्रयासाने थांबवलं. दर्शनाला रांग नव्हती, सोडत नव्हती. (पुढच्याच वर्षी, २०२५च्या जुलैमध्ये, मोठ्या वणव्यात त्या काठावरचं जुनं दगडी लॉज जळून गेलं. १९३२ सालीही ते एकदा जळलं होतं आणि १९३७पर्यंत पुन्हा उभं राहिलं होतं.)

परतताना हद्दीवर एक तास गेला तो गेलाच. कनॅबला पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळली होती. रात्री खोलीत कचकचीत दशम्या निघाल्या.

पुण्यात आल्यावर सोसायटीत सगळ्यांनी एकच विचारलं, “ती लाट पाहिलीत का?” नाही म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा काशीला जाऊन गंगा न पाहिलेल्या माणसाकडे बघावं तसा होतो. सौ. आता ऐकून घेत नाहीत. “लाट नाही, विष्णू पाहिला,” म्हणतात आणि विषय बायकांच्या नगरमंडळावर नेतात.

तरीही ज्यांना जायचंच आहे त्यांनी चार महिने आधीच्या सोडतीत अर्ज करावा. तिथे गेल्यावर हातातलं घड्याळ कनॅबमधल्या माणसाला विचारून लावावं. आणि दशम्यांचा डबा वाळूत उघडू नये.